चेंडू चुकवणारी मुले

"डॉक्टर, हा मुलगा मंगळवारी नाहीतर शुक्रवारीच येतो बघा," असे माझ्या कंपाउंडरने सांगितले, तेव्हा मी केसपेपर पुन्हा काढून पाहिले. खरेच होते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकणारा. दीड महिन्यात पाच वेळा पोटदुखीसाठी आलेला आणि पाचही वेळा वार मंगळवार किंवा शुक्रवार. आजी त्याला घेऊन यायची. पहिल्या खेपेला मी जंताची गोळी दिली, दुसऱ्या खेपेला पाचक औषध, तिसऱ्या खेपेला लघवी तपासून घेतली. पोट हाताला मऊ लागत होते, ताप नव्हता, वजन घटलेले नव्हते. दवाखान्यातून घरी जाईपर्यंत पोट दुखायचे थांबते, असे आजी कौतुकाने सांगायची. "तुमच्या हाताला गुण आहे," म्हणायची. मलाही ते ऐकायला बरे वाटत होते.

कंपाउंडरचे बोलणे ऐकल्यावर मी मुलालाच विचारले, "काय रे, मंगळवारी-शुक्रवारी शाळेत काय असतं?" त्याने खाली बघत सांगितले, "पी. टी." खेळाच्या तासाला कंटाळणारे मूल मला नवीन होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "माझा बॉल चुकतो. सगळे हसतात."

थोडे थोडे विचारत गेल्यावर उलगडा झाला. शाळेत त्या वर्षी खेळाचे नवीन साहित्य आले होते. त्यात चार रॅकेट, दोन टेबल टेनिसच्या बॅटी, काही चेंडू होते. मुलांची रांग लावायची, सरांनी चेंडू टाकायचा, मुलाने रॅकेटने तो मारायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. या मुलाचा चेंडू दर वेळी चुकायचा. रॅकेट हवेत फिरायची. त्यावरून वर्गाने त्याचे नाव 'हवा' असे ठेवले होते. ते नाव मैदानावरून वर्गात आणि वर्गातून गल्लीत आले होते.

तपासणीच्या खोलीत खेळायला काय असणार? मी रबरी हातमोजा फुगवून गाठ मारली. पाच बोटांचा तो फुगा पाहून पोरगे पहिल्यांदा हसले. त्याच्या दप्तरातले परीक्षेचे पॅड त्याच्या हातात दिले आणि म्हटले, मार. फुगा सावकाश खाली येतो, तरी निम्म्या वेळा तो चुकत होता. चुकताना पॅड फुग्याच्या थोडे अलीकडे तरी फिरे किंवा पलीकडे तरी. मग मी त्याचा डावा डोळा झाकायला सांगितले, काही फरक पडला नाही. उजवा झाकायला सांगितला, तर तो हात खाली करू लागला, मान वाकडी करू लागला, "नको" म्हणू लागला. भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे केले. उजवा डोळा सहा-सहा, अगदी चोख. डावा जेमतेम सहा-चोवीस.

इथे एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. आदल्या वर्षी याच मुलाचा एक शालेय फॉर्म माझ्याकडे आला होता. त्यावर 'दृष्टी सामान्य' असे लिहून मी सही केली होती. त्या दिवशी दवाखान्यात अशाच फॉर्मवाल्या मुलांची रांग होती. तक्ता भिंतीवर होता, मुलगा समोर होता, आणि मी त्याला तक्त्यापुढे उभे केले नव्हते. वर्ष वाया गेले ते माझ्यामुळे.

या विकाराला आपण आळशी डोळा म्हणतो. नाव चुकीचेच आहे, कारण डोळा आळशी नसतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला, की त्या डोळ्याकडून मेंदूला लहानपणापासून पुसट चित्र मिळते आणि मेंदू हळूहळू ते चित्र वापरेनासा होतो. दोन्ही डोळे उघडे असताना मुलाला फळा दिसतो, पुस्तक वाचता येते, त्यामुळे ते तक्रार करत नाही. चूक उघडी पडते ती अंतराचा अंदाज घेताना, म्हणजे पायरी उतरताना, सुईत दोरा ओवताना किंवा चेंडू मारताना. योग्य चष्मा लावणे आणि चांगला डोळा रोज ठरावीक वेळ झाकून अशक्त डोळ्याला काम करायला लावणे, हा उपचार. तो जितक्या लहान वयात सुरू होईल तितका गुण लवकर येतो. सात-आठ वर्षांनंतर सुधारणा मंदावत जाते, पण अगदी थांबते असे नाही. मुलाला मी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी चष्मा दिला आणि रोज दोन तास पट्टी सांगितली.

लेख इथे संपला असता, आणि मलाही वाटले होते की प्रश्न सुटला. चार महिन्यांनी मुलगा आला तेव्हा डावा डोळा सहा-बारापर्यंत आला होता. "आता लागतो का रे बॉल?" म्हणून विचारले. तो म्हणाला, "नाही."

मग मी शाळेच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो. क्रीडाशिक्षकांना माझे येणे आवडले नाही, आणि ते स्वाभाविक होते. "डॉक्टरसाहेब, चव्वेचाळीस पोरं आहेत, रॅकेट चार, त्यातल्या एकीची जाळी फाटलेली. तुम्हीच सांगा," असे ते म्हणाले. मी घड्याळ लावून बसलो. पस्तीस मिनिटांचा तास. रांगा लावण्यात आणि शांत करण्यात दहा मिनिटे गेली. उरलेल्या वेळात एका मुलाच्या वाट्याला दोन चेंडू आले, काहींच्या वाट्याला तीन. बाकी सगळा वेळ मुले रांगेत उभी होती आणि पुढच्याचे चुकते कधी याची वाट पाहत होती. ज्या मुलांच्या घरी रॅकेट आहे किंवा जी गल्लीत क्रिकेट खेळतात, त्यांचे चेंडू लागत होते. बाकीच्यांना तिथे कुणी काही शिकवत नव्हते, त्यांची नुसती परीक्षा चालली होती. सरांच्या परवानगीने मी चुकणाऱ्या मुलांचे डोळे तपासले. एक-दोघांना चष्म्याची गरज होती. बाकीच्यांचे डोळे ठणठणीत होते. त्यांना मारता येत नव्हते, कारण कुणी शिकवलेच नव्हते.

चेंडू मारणे आपोआप येते, अशी आपली समजूत आहे. चालणे आपोआप येते, मारणे येत नाही. तळहात कुठे आहे हे मेंदूला न बघता कळते. डोळे मिटून आपण नाकाला बोट लावू शकतो ते त्यामुळेच. पण हातात रॅकेट दिली की मारण्याची जागा हातापासून दीड-दोन फूट लांब जाते. त्या लांबच्या टोकाचा पत्ता मेंदूला नव्याने पाठ करावा लागतो. त्यात चेंडू हलता. साधा दिवा लागलेला पाहून बटण दाबायला मोठ्या माणसालाही सुमारे पाव सेकंद लागतो, मुलांना त्याहून जास्त. चेंडू एका सेकंदात येऊन गेला तर बघणे, कुठे येईल हे ठरवणे, पाऊल टाकणे आणि हात फिरवणे हे सगळे त्या सेकंदात बसवायचे. वेगाने येणाऱ्या चेंडूचा नीट अंदाज बहुतेक मुलांना दहा-बारा वर्षांच्या सुमारास येऊ लागतो. आठ वर्षांच्या मुलाला लांब रॅकेट देऊन वेगाने चेंडू टाकणे म्हणजे बाराखडी न शिकवता पत्र लिहायला बसवण्यासारखे आहे.

आमच्या लहानपणी ही बाराखडी विटी-दांडूने शिकवली. कोललेली विटी, मग उडवून मारलेली विटी, वकट-लेंड मोजत सबंध सुट्टी जायची आणि दिवसाला शेकडो वेळा हात फिरायचा. घरातले कपडे धुवायचे धोपटणे पळवून त्याची बॅट करणे हाही आमचा उद्योग होता आणि त्याच धोपटण्याने पाठही शेकून निघत असे. पण मी जुन्या खेळांचे गोडवे गाणारा नाही. माझ्याच वर्गातल्या एका मित्राचा डोळा विटी लागून गेला, आणि पुढे डॉक्टर झाल्यावरही विटीने फुटलेले डोळे मी पाहिले आहेत. मुद्दा एवढाच, की तेव्हा हाताला जो सराव फुकट मिळत होता तो आता मिळत नाही. गल्लीत मोटारसायकली उभ्या आहेत आणि घरात मोबाइल आहे. म्हणून तो सराव आता शाळेच्या तासालाच द्यावा लागेल.

सर मुळात मनापासून शिकवणारे निघाले. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे माझ्या ओट्यावर औषधांचे रिकामे खोके घेऊन बसलो. जाड पुठ्ठ्याचे तीन थर एकावर एक, मधल्या थराच्या नळ्या आडव्या येतील असे चिकटवले. नऊ इंच लांब, सहा इंच रुंद आणि खाली चार इंचांची मूठ, असा आकार कापला. मुठीला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि मनगटात अडकवायला नाडीचा फास ठेवला. माझ्याकडच्या काट्यावर ही फळी साधारण ऐंशी ग्रॅम भरली. चव्वेचाळीस फळ्यांना डिंक, चिकटपट्टी आणि दोन रविवार एवढाच खर्च आला. ज्यांना जमेल त्यांनी पातळ प्लायवूडच्या कराव्यात, पण कडा घासून गोल केल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नयेत. वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. मूठ आखूड असली की फळी तळहाताच्या जवळ राहते आणि मेंदूला पत्ता लवकर सापडतो.

पहिले दोन तास फळी दिलीच नाही. फुगा आणि तळहात. फुगा हवेत ठेवायचा, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या, मग ज्याचे नाव पुकारले त्याने. फुगा सावकाश येतो, म्हणून मुलाला बघायला, विचार करायला आणि पाऊल टाकायला वेळ मिळतो. मग तेच फळीने. त्यानंतर मऊ चेंडू फळीवर तोलत चालायचे, नंतर फळीवर चेंडू टप-टप उडवायचा. आधी गुडघ्याएवढा, मग छातीएवढा. इथे मुले स्वतःशीच मोजू लागतात. काल अकरा झाले, आज चौदा. शेजाऱ्याचे किती झाले ते बघायला कुणाला फुरसत नसते, आणि हसायलाही नसते.

खरी मेख पुढच्या पायरीला आहे. बहुतेक मुले चेंडू हवेत येतानाच त्याच्यावर तुटून पडतात, लाकूड फोडल्यासारखी फळी वरून खाली आणतात. तीन-चार वर्षांचे मूल असेच मारते आणि त्या वयात ते बरोबरच आहे. आठव्या वर्षीही तसेच राहिले असेल, तर मुलाला सरावच मिळालेला नाही असे समजावे. अशा मुलाला समोरून चेंडू टाकूच नये. त्याने आपल्याच हाताने चेंडू खाली सोडावा, टप्पा पडू द्यावा आणि चेंडू कमरेएवढा वर आला की भिंतीकडे मारावा. भिंतीपासून चार-पाच पावले दूर उभे राहायचे. भिंतीवर खडूने छातीच्या उंचीवर मोठा चौकोन काढायचा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा खांदा भिंतीकडे, म्हणजे मुलगा भिंतीला आडवा उभा. फळी मागे नेलेली. टप्पा पडला की डावा पाय भिंतीकडे टाकायचा आणि फळी खालून थोडी वर आणत फिरवायची, चेंडूला लागल्यावर थांबवायची नाही, खांद्यापर्यंत जाऊ द्यायची. मूठ पाहुण्याशी हात मिळवावा तशी धरायची. मनगट ढिले सोडायचे नाही, ढिल्या मनगटाने फळीचे तोंड फिरते आणि चेंडू शेजारच्याच्या डोक्यात जातो.

"चेंडूकडे बघ" असे सगळेच ओरडतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण मुलाला वाटते की ते बघतेच आहे. सरांनी एक युक्ती केली. चेंडूंवर रंगीत ठिपके काढले आणि मारताना कोणता रंग दिसला ते ओरडून सांगायला लावले. रंग सांगायचा तर शेवटपर्यंत बघावेच लागते. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी मला पुस्तकात सापडली नव्हती. एका वेळी ते एकच सूचना देत. एक संपूर्ण तास फक्त पावलाचा. त्या तासात चेंडू कुठेही गेला तरी चालेल, पाऊल पडले की शाबास. चार सूचना एकदम दिल्या की मूल थिजते, हे मी मुलांना इंजेक्शन देताना रोज पाहतो.

भिंतीवर लागोपाठ पाच वेळा चौकोनात मारता आले की मग जोडी. जोडीदाराने हाताने, खालून, सावकाश चेंडू टाकायचा, टप्पा पडू द्यायचा. आणि मग कुठे दोघांच्या हाती फळ्या. जाळीऐवजी मधे दोरी किंवा जमिनीवर चुन्याची रेघ. इथे गुण मोजताना 'त्याला हरवले' असे न मोजता 'आपले दोघांचे किती फटके झाले' असे मोजावे. समोरच्याला मारता येईल असा चेंडू द्यायला मूल त्यातूनच शिकते. बॅडमिंटनची खरी रॅकेट यानंतर. बॅडमिंटनचे आपल्या पुण्याशी जुने नाते आहे, १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' असेच म्हणत. पण त्या नात्याचा अभिमान बाळगून तिसरीतल्या मुलाचे फूल जाळीपलीकडे जात नाही.

प्रत्येकाच्या हाती फळी आल्यावर मी पुन्हा घड्याळ लावले. एका तासात एका मुलाचे शंभरावर फटके होत होते. रांग नव्हती, म्हणून धापाही लागत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. रांगेत उभे राहून ती होत नाही. ज्या मुलाला मारता, फेकता, झेलता येत नाही ते मोठेपणी मैदानाकडे फिरकत नाही, आणि चाळिशीत रक्तदाब-साखर घेऊन माझ्यासमोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण शाळेत रांगेच्या शेवटी उभे असायचे, असे बोलण्यातून निघते. मुलींना तर फळी न देता गुण लिहायला बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करावी.

आता काही डॉक्टरी सूचना. पाच-सहा फुटांच्या आत दोन मुले फळी फिरवत नसावीत, दोन्ही हात पसरून गोल फिरल्यावर कुणाला लागत नाही एवढी जागा प्रत्येकाला हवी. फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचलावेत. आठ वर्षांखालची मुले ते तोंडात घालतात आणि तुकडा घशात बसला तर श्वास कोंडतो. डावखुऱ्या मुलाच्या हातून फळी काढून उजव्या हातात देऊ नये, त्याने भिंतीकडे उजवा खांदा करावा एवढेच. ज्याचा एक डोळा अशक्त आहे त्याने खेळताना न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा घालावा. त्याचा चांगला डोळा ही त्याची सगळी पुंजी आहे. पट्टी लावलेली असताना मैदानात उतरू नये.

आणि एवढे शिकवूनही, डोळे चांगले असूनही, एखादे मूल मागेच राहते. त्याला शर्टाची बटणे लावायला उशीर लागतो, अक्षर गचाळ येते, हातातून भांडी पडतात. शंभरात पाच-सहा मुलांच्या हालचालींचा मेळ असा जन्मतःच उशिरा बसतो. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. अशा मुलाला रागावून उपयोग नाही, त्याला फुग्याच्या पायरीवर अधिक दिवस ठेवावे आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

डोळ्याची पहिली परीक्षा पालकांना घरीच करता येते. भिंतीवर कॅलेंडर टांगा, मुलाला दहा फुटांवर उभे करा, एक डोळा तळहाताने नीट झाका, बोटांच्या फटीतून मुले बघतात. तारखा वाचून घ्या. मग दुसरा डोळा झाका. दोन डोळ्यांत फरक वाटला, किंवा एक डोळा झाकताना मूल चिडले, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. दोन्ही डोळ्यांनी वाचता आले तरी शाळेत जाण्याआधी एकदा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. मी आता फॉर्मवर सही करण्याआधी प्रत्येक मुलाला तक्त्यापुढे उभे करतो. त्यामुळे जून महिन्यात दवाखान्यात गर्दी होते आणि बाकीचे पेशंट कुरकुर करतात.

मुलाची पोटदुखी दिवाळीनंतर थांबली. डावा डोळा अजून सहा-बाराच आहे, पुढच्या महिन्यात त्याला परत दाखवायचे आहे. संध्याकाळी तो आणि त्याचा एक मित्र माझ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत असतात. परवा रक्तदाब मोजताना त्या आवाजाने मला नाडीचे ठोके ऐकू येईनात, म्हणून कंपाउंडरला बाहेर पाठवले. तो दहा मिनिटे परत आला नाही. खिडकीतून पाहिले तर फळी त्याच्या हातात होती आणि मुलगा त्याला सांगत होता, "काका, आधी टप्पा पडू द्या."